नाकाचे 'वाढलेले हाड' : ऑपरेशनकडून काय मागावे, काय मागू नये

"डॉक्टर, माझ्या नाकाचं हाड वाढलंय. तेवढं काढून टाका, म्हणजे कटकट संपेल." कान-नाक-घशाच्या दवाखान्यात हे वाक्य कानावर पडले नाही, असा आठवडा जात नाही. कोणाला हे निदान मेहुण्याने सांगितलेले असते, कोणाला औषधाच्या दुकानात कळलेले असते, तर कोणी डोकेदुखीसाठी काढलेल्या सीटी स्कॅनचा अहवालच टेबलावर ठेवतो. अहवालात 'डीएनएस' ही तीन अक्षरे असतात. ती वाचून माणूस एक तर घाबरलेला असतो, नाही तर सुटल्यासारखा झालेला असतो. वर्षानुवर्षांची सर्दी, शिंका, डोकेदुखी, घोरणे या साऱ्यांचा चोर एकदाचा सापडला, असे त्याला वाटते.

या ऑपरेशनबद्दल लिहायला बसलो की मला एक जुने रुग्ण आठवतात. माध्यमिक शाळेत शिकवणारे एक सर. नाक तपासले तेव्हा पडदा उजवीकडे चांगलाच वाकलेला होता, त्याबद्दल शंकाच नव्हती. ऑपरेशन केले. पडदा सरळ झाला, जखम छान भरली. आठ-नऊ महिन्यांनी ते पुन्हा आले. मी नाकात पाहिले. दोन्ही बाजू मोकळ्या होत्या. मी खुशीत म्हटले, "सर, काम एकदम छान झालंय." ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, श्वास येतो, नाही असं नाही. पण मी ऑपरेशन करून घेतलं ते शिंकांसाठी. खडू हातात घेतला की आजही दहा-पंधरा शिंका येतात. वर्गातली पोरं मोजतात."

या ऑपरेशनसाठी त्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढले होते. माझ्या दृष्टीने ऑपरेशन यशस्वी झाले होते, त्यांच्या दृष्टीने फसले होते, आणि आम्ही दोघेही खरेच बोलत होतो. चूक माझी होती. मी त्यांचा पडदा पाहिला, पण "तुम्हाला नेमका कशाचा त्रास होतो, आणि ऑपरेशननंतर काय बरे व्हायला हवे?" हे विचारलेच नाही. ऑपरेशन चांगले आहे, योग्य माणसाला त्याने फार मोठा आराम पडतो. पण ते कशासाठी करायचे, हे रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात आधी ठरले नाही, तर उत्तम झालेले ऑपरेशनही वाया गेल्यासारखे वाटते. आजचा लेख त्यासाठीच.

हाड वाढत नाही, पडदा वाकतो

पहिली गोष्ट म्हणजे बहुतेकांच्या नाकात कोणतेही हाड 'वाढलेले' नसते. दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक उभी भिंत असते, तिला नाकाचा पडदा म्हणतात. या भिंतीचा पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचिक हाडाचा असतो. नाकाचा शेंडा बोटाने हलवला तर ती जाणवते. मागचा भाग कडक हाडाचा असतो. ही सारी भिंत दोन्ही बाजूंनी ओलसर, नाजूक त्वचेने झाकलेली असते. ही भिंत एका बाजूला झुकली, इंग्रजी 'एस'सारखी वळली किंवा तिच्यावर एखादा उंचवटा आला की त्या बाजूची वाट अरुंद होते. लहानपणी नाकावर पडणे, जन्माच्या वेळी नाकावर आलेला दाब, वाढीच्या वयात कूर्चा आणि हाड यांची सारखी न झालेली वाढ, क्रिकेटचा चेंडू, मोटारसायकलचा अपघात अशी कारणे असतात. पुष्कळदा कारण सापडतही नाही.

नाकाच्या बाहेरील भिंतीवर मांसल घड्या असतात. आत येणारी हवा गरम आणि ओलसर करणे हे त्यांचे काम. पडदा एका बाजूला झुकला की दुसऱ्या बाजूची मोकळी जागा भरून काढायला तिथल्या घड्या फुगतात. म्हणून कित्येकदा पडदा वाकतो उजवीकडे आणि रुग्ण तक्रार करतो डाव्या नाकपुडीची. 'नाकातलं मांस वाढलंय' असे लोक म्हणतात, ते बहुधा या फुगलेल्या घड्यांबद्दल. त्या फुगण्यामागे ॲलर्जीही असू शकते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

वाकडा पडदा ही आजाराची खूण नव्हे

अगदी सरळ पडदा असलेली माणसे कमी. रस्त्याने जाणाऱ्या चार जणांच्या नाकात डोकावले तर बहुतेकांचा पडदा थोडाफार वाकडा निघेल, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल. त्यांना ऑपरेशनची काहीही गरज नाही. म्हणून सीटी स्कॅनच्या अहवालात 'डीएनएस' लिहिले आहे एवढे कारण मला कधीच पुरेसे वाटत नाही. ऑपरेशन अहवालाचे करायचे नसते, त्रासाचे करायचे असते.

आणखी एक गमतीची गोष्ट. निरोगी माणसाच्या नाकातसुद्धा दर काही तासांनी एक बाजू थोडी बंद होते आणि दुसरी मोकळी होते. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये याचे वर्णन केले. हा निसर्गाचा पाळीचा कारभार आहे. शिवाय कुशीवर झोपले की खालची नाकपुडी जड होते. तेव्हा 'कधी उजवी बंद, कधी डावी बंद' अशी तक्रार असेल तर दोष पडद्याचा असण्यापेक्षा घड्यांच्या सुजेचा असण्याची शक्यता अधिक. याउलट, एकच बाजू बारा महिने तेरा काळ बंद, सर्दी असो वा नसो, आणि औषधानेही ती उघडत नाही, अशी गोष्ट असेल तर पडद्याकडे बोट दाखवायला हरकत नाही.

मात्र प्रत्येक बंद नाकामागे पडदाच असतो असेही नाही. मोठ्या माणसाच्या एकाच नाकपुडीतून वारंवार रक्तमिश्रित स्राव येत असेल, किंवा लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड येत असेल, तर वेळ न घालवता तपासून घ्यावे. मोठ्यांमध्ये आत गाठ असू शकते. मुलांमध्ये बहुधा हरभरा, मणी किंवा खोडरबराचा तुकडा निघतो.

आधी औषध, मग सुरी

सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाकातून पाण्यासारखी धार, डोळ्यांना व टाळूला खाज, घर झाडताना किंवा दिवाळीची साफसफाई करताना वाढणारा त्रास ही ॲलर्जीची लक्षणे आहेत. अंथरूण-उशीतल्या धुळीत राहणारे सूक्ष्म कीटक, बुरशी, गाजरगवताचे पराग ही त्याची नेहमीची कारणे. पडदा सरळ केला म्हणून धुळीची ॲलर्जी जात नाही. तिच्यासाठी नाकात मारायचे सौम्य स्टेरॉइडचे फवारे असतात. 'स्टेरॉइड' या शब्दाने दचकू नये. फवाऱ्यातील मात्रा अगदी अल्प असते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ते दीर्घकाळ घेता येतात. पण ते रोज आणि नीट घ्यायला हवेत. फवारा मधल्या पडद्यावर न मारता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने मारायचा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरला की आपोआप दिशा बरोबर येते. चार दिवस मारून 'फरक नाही' म्हणून बाटली फेकू नये. मी साधारण सहा ते आठ आठवडे तरी थांबायला सांगतो.

नाक तात्काळ उघडणारे, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब ही निराळी गोष्ट. ते पाच-सात दिवसांपेक्षा जास्त वापरले की औषधाचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक बंद होते. मग पुन्हा थेंब, पुन्हा बंद. खिशात बाटली ठेवून वर्षानुवर्षे फिरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांतल्या काहींना फक्त ती बाटली सोडवण्याची गरज होती, ऑपरेशनची नव्हती. तपकीर ओढणाऱ्यांनाही हेच सांगणे: आधी तपकीर बंद करा, मग नाकाबद्दल बोलू.

आता दुसरी बाजू. औषधे नीट घेऊनही एक बाजू बंदच राहते, रात्री तोंड उघडे ठेवून झोपावे लागते, सकाळी घसा कोरडा पडतो, जिना चढताना नाक पुरत नाही, अशा माणसाला वर्षानुवर्षे फवाऱ्यावर ठेवणे हाही अन्यायच. हे ऑपरेशन खरोखर उपयोगी आहे का, अशी शंका तज्ज्ञांनाही पडत होती. त्यावर अलीकडे दोन चांगले अभ्यास झाले. नेदरलँड्समध्ये २०३ प्रौढ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ब्रिटनमध्ये ३७८ प्रौढ रुग्णांवर झालेला २०२३ मध्ये. दोन्हींत चिठ्ठी टाकल्याप्रमाणे काहींना ऑपरेशन आणि काहींना बिनऑपरेशनचे उपचार दिले गेले. ज्यांना पडद्यामुळे खरोखर अडथळा होता, त्यांच्यात ऑपरेशन झालेल्यांना अधिक आराम पडला. म्हणजे ऑपरेशन बाद करण्याचे कारण नाही. निवड नीट झाली पाहिजे, एवढेच.

काय मिळते, काय मिळत नाही

ऑपरेशनने बंद बाजूची वाट मोकळी होते आणि श्वास सुधारतो. हे त्याचे मुख्य आणि खरे काम. उंचवट्यावरच्या त्वचेतून वारंवार घोळणा फुटत असेल तर तोही थांबू शकतो. सायनसच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला वाट करून देण्यासाठीही कधी पडदा सरळ करावा लागतो.

शिंका आणि वाहते नाक याने जात नाहीत. फार तर, वाट मोकळी झाल्यावर फवारा आत नीट पोहोचतो आणि औषध अधिक लागू पडते. डोकेदुखीचे वचन मी कोणालाच देत नाही. बहुतेक डोकेदुखी अर्धशिशीची, ताणाची किंवा चष्म्याच्या नंबराची असते. घोरणे थोडे कमी होईल, न होईल. घोरता घोरता श्वास अडकणे, दचकून जाग येणे, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागणे हा निराळा आजार आहे. त्याची झोपेची स्वतंत्र तपासणी हवी. एकट्या नाकाच्या ऑपरेशनने तो सहसा बरा होत नाही. दम्यालाही हे उत्तर नाही.

चेहऱ्याचे काय? या ऑपरेशनात छेद नाकाच्या आतून घेतात, बाहेर व्रण राहत नाही आणि नाकाचा आकार सहसा बदलत नाही. बाहेरून वाकडे दिसणारे नाक सरळ करायचे असेल तर ते वेगळे, मोठे ऑपरेशन.

पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुलेही येतात. श्वास अडवणारा पडदा वैद्यकीय तपासणीत अडचणीचा ठरू शकतो, हे खरे. पण कोणीतरी मैदानावर सांगितले म्हणून धावत ऑपरेशनला येऊ नये, आणि भरती आठ दिवसांवर आली असताना तर मुळीच येऊ नये. आधी तपासून घ्यावे. बऱ्याच जणांचा पडदा ऑपरेशन करण्याजोगा वाकडा नसतोच.

वयाचेही पथ्य आहे. नाकाची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा-सतराव्या वर्षापर्यंत, शक्यतो थांबतात. फार अडथळा असेल तर लहान वयातही मर्यादित काम करता येते.

ऑपरेशनचा दिवस आणि पुढचे पंधरा दिवस

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील फ्रीअर आणि जर्मनीतील किलियन यांनी त्वचा वाचवून आतील वाकडी कूर्चा व हाड काढण्याची पद्धत रूढ केली. त्यात आतला आधार बराचसा निघून जाई, आणि कधी नाकाची दांडी खचे. आज शक्य तेवढी कूर्चा राखून, फक्त वाकडा भाग काढून किंवा सरळ करून परत बसवतात.

ऑपरेशनआधी रक्ततपासणी होते. रक्त पातळ करणारी औषधे, ॲस्पिरिन, वेदनाशामक गोळ्या, बीपी व मधुमेहाची औषधे, आयुर्वेदिक काढेसुद्धा डॉक्टरांना सांगावेत. हृदयाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. पूर्ण भूल देऊन किंवा जागा बधिर करून हे ऑपरेशन करतात. वेळ साधारण पाऊण ते दीड तास.

जागे झाल्यावर खरी कसोटी असते. नाकात पॅक घातलेले असेल तर दोन्ही नाकपुड्या बंद असतात. तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घसा कोरडा पडतो, घास गिळताना कानात दडे बसल्यासारखे होते, डोळ्यांतून पाणी येते, रात्री नीट झोप लागत नाही. पॅक एक-दोन दिवसांत काढतात. ते काढणे काही क्षणांचे, पण नकोसे असते. हे आधीच सांगितले तर माणूस सोसतो. न सांगितले तर 'काहीतरी बिघडलं' म्हणून घाबरतो. आता पुष्कळ ठिकाणी पॅक न घालता आतून टाके घेतात किंवा पातळ पट्ट्या बसवतात. तुमच्या बाबतीत काय करणार, हे विचारून घ्यावे.

पॅक निघाले की लगेच मोकळा श्वास येईल, अशी सर्वांची अपेक्षा असते. तसे होत नाही. आत सूज असते, खपल्या धरतात. पहिले दोन-तीन आठवडे नाक सर्दी झाल्यासारखे चोंदलेले राहते. वरचे पुढचे दात काही काळ बधिर वाटू शकतात. श्वासाचा खरा फरक महिन्याभरात जाणवू लागतो आणि अंतिम निकाल तीन महिन्यांनी पाहावा. चौथ्या दिवशी "पैसे वाया गेले" असा फोन करणारे बहुतेक जण तिसऱ्या महिन्यात समाधानी असतात.

पथ्ये साधी आहेत. उशी उंच घेऊन झोपावे. दोन आठवडे नाक जोरात शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवावे. खपल्या बोटाने काढू नयेत. सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्याने नाक धुवावे, पाणी मात्र उकळून गार केलेले असावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी तसेच वापरू नये. जड ओझे, व्यायाम, पोहणे, कडक ऊन, फार गरम पाण्याची अंघोळ दोन आठवडे टाळावी. वाफ, तेलाचे नस्य, जलनेती डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये. विडी, सिगारेट, तपकीर बंद. कामावरून आठवडाभर, कष्टाचे काम असेल तर दोन आठवडे रजा धरावी. शेतकऱ्यांनी मळणीच्या किंवा धुळीच्या हंगामात ऑपरेशनची तारीख घेऊ नये.

कधी तातडीने यावे

हे सुरक्षित ऑपरेशन आहे, पण बिनधोक कोणतेच नसते. पहिले काही दिवस गुलाबी पाणी पाझरणे ठीक. मात्र ताजे रक्त थांबेना, ताप आला, दुखणे कमी होण्याऐवजी वाढले आणि दोन्ही बाजू अचानक गच्च बंद झाल्या, तर त्याच दिवशी दाखवावे. पडद्याच्या आत रक्त साठलेले असू शकते. ते वेळीच काढले नाही तर कूर्चा कुजते आणि नाक खचते. नाकावर मार लागलेल्या मुलांच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे.

क्वचित पडद्याला भोक पडते, मग श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो किंवा खपल्या धरतात. कधी आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात. वास कमी होणे, आकार बदलणे हे आणखी दुर्मीळ. काही जणांना पुरेसा फरक पडत नाही किंवा पुन्हा ऑपरेशन लागते.

सही करण्याआधी चार प्रश्न

संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. माझा नेमका कोणता त्रास या ऑपरेशनने कमी होईल? कोणता राहील? औषधाने भागण्यासारखे आहे का, आणि मी ते पुरेसे घेतले आहे का? फक्त पडद्याचे काम करणार की आतल्या घड्यांचेही? खर्चाचाही अंदाज घ्या. आरोग्य विमा असेल तर पॉलिसीची अट वाचा. या ऑपरेशनसाठी अनेक पॉलिसींत सुरुवातीची काही वर्षे थांबावे लागते. हे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. उत्तर द्यायला वेळ नाही असे कोणी म्हणाले, तर दुसरे मत घ्यायला काही हरकत नाही. वाकडा पडदा पळून जात नाही, आणि महिनाभर थांबल्याने सहसा काही बिघडत नाही.

त्या सरांना मी नंतर फवारा सुरू केला, उशी-गादीला घट्ट विणीची खोळ घालायला सांगितले आणि फळा ओल्या फडक्याने पुसायला सुचवले. शिंका पूर्ण गेल्या नाहीत, पण पोरांनी मोजणे सोडले. सर एकदा म्हणाले, "हे आधीच केलं असतं तर?" श्वासाचा अडथळा त्यांना होताच, त्यामुळे ऑपरेशन अगदीच अनाठायी नव्हते, असे मी सांगू शकलो असतो. सांगितले नाही. आधी विचारायला हवे होते, एवढेच कबूल केले. तेव्हापासून ऑपरेशनची तारीख देण्यापूर्वी माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "तुम्हाला यातून काय हवंय?" पुष्कळदा उत्तर ऐकून तारीख द्यावी लागतच नाही.